चौथ्या दशांशानंतर

तो हात आपला आहे हे तिला लगेच कळलं नाही. आधी नुसतं वाटलं, किती ओंगळ हात आहे हा. फुगीर, नखांच्या कडा पांढुरक्या पडलेल्या, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याने काढलेली लाल खाच. हात डावीकडून चित्रात शिरला, टेबलावर कप ठेवला, कपाचा कान घेणाऱ्याच्या बाजूला वळवून दिला आणि आला तसा चित्राबाहेर गेला. कान वळवलेला पाहिला तेव्हा ओळख पटली. फोन भौतिकशास्त्राच्या सरांचा होता. स्टाफरूममध्ये ज्याच्या त्याच्या नाकाखाली फोन धरायची त्यांना खोड होती. कॉलेजात त्यांना सगळे ‘बातमीपत्र’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक असल्यामुळे ते त्या नावाला जागत. “मॅडम, हे तुमचेच ना हो?” बातमीपत्र म्हणाले. “अहो, एवढा मोठा माणूस घरात लपवून ठेवलात! आम्हाला वाटलं, हॉस्पिटलातली नोकरी सुटली तेव्हापासून घरीच बसलेत.” “घरीच बसलेत,” ती म्हणाली. “बसूनच केलंय ते.” सर हसले. ती विनोद करते अशी तिची कॉलेजात ख्याती होती. माणसाने एकदा ख्याती मिळवली की पुढे त्याने रडून दाखवलं तरी लोक हसतात, हा त्यातला तोटा.

चित्रात तिचाच कॅल्क्युलेटर होता. आलेख काढणारा, हाताच्या पंजाएवढा, वरच्या कोपऱ्यात टवका उडालेला. त्याच्या पडद्यावरून इंग्रजी अक्षरांच्या ओळींमागून ओळी सरकत होत्या, मुंग्यांनी रांग लावून साखरेचे कण वाहून न्यावेत तशा, आणि शेवटी पडदा क्षणभर काळा होऊन एक निळसर रिकामी जागा उमटली. तिच्यात तिळाएवढा बाण. मग तीळ हलला. हे एवढंच. एवढ्यासाठी जगभरातले लोक टाळ्यांची चित्रं पाठवत होते. पाठीमागून नवऱ्याचा आवाज चालू होता, जो आवाज घरात कधी येत नाही. भरलेला, आर्जवी, दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यासारखा. “तर मंडळी, अख्ख्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम या खेळण्यात बसवली आहे. नकली नाही, पूर्ण. जागेची मारामारी होतीच. यात आधी थोडा जुना कचरा होता, तो काढला, तेव्हा कुठे श्वास घ्यायला वाव मिळाला.” इथे तो स्वतःच हसला होता, आणि हसताना नाकातून जो बारीक सूं आवाज येतो तोही माइकने टिपला होता. “काय मॅडम, अभिमान वाटला की नाही?” “वाटला ना,” ती म्हणाली आणि बेसिनपाशी जाऊन तिने हात धुतले. साबण संपलेला होता. बशीच्या तळाला चिकटलेला त्याचा बुळबुळीत साका तिने बोटाने खरवडून घेतला आणि त्याने धुतले.

जुना कचरा. शब्द तिने तोंडात फिरवून पाहिला. त्या कॅल्क्युलेटरमध्ये तिचे ठिपके होते, संशोधनाच्या दिवसांतले. आठवड्यापूर्वी पीएच.डी.च्या गाइड सरांची मेल आली होती, इतक्या वर्षांनी. अर्धवट सुटलेल्यांना विद्यापीठ एकवार परत घेतंय, तुझं नाव सुचवू का, हो की नाही ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव. आणि खाली, सहज लिहिल्यासारखं: ‘तुझं ते ठिपक्यांचं अजून आहे ना? त्याच्यावरच उभं राहता येईल.’ आज शुक्रवार होता. आठवडाभर ती हे कुणाला न सांगता गालात खडीसाखरेसारखं धरून फिरत होती. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, तर सांगितलं असतं तर त्याने चष्मा कपाळावर सरकवून “अरे वा” म्हटलं असतं आणि त्या दोन शब्दांनी खडीसाखर विरघळून गेली असती, म्हणून. आज घरी गेल्यावर कॅल्क्युलेटर मागून घ्यायचा, ठिपके डोळ्यांनी एकदा बघायचे आणि मग ‘हो’ लिहायचं, असं तिचं ठरलं होतं. कॅल्क्युलेटर दोन वर्षं त्याच्याकडे होता हे तिला ठाऊक होतं. त्यात तो काहीतरी बसवतोय हेही ठाऊक होतं. पण आपलं काढून तो ते बसवतोय हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. गणिताच्या बाईला एवढं कळू नये? एका भांड्यात दोन भांड्यांचं मावत नाही, हे तर शाळेतली पोरंही सोडवून दाखवतील.

घंटा झाली आणि ती परीक्षेच्या वर्गावर गेली. गणिताच्या पेपरला सुपरव्हिजनवाल्याचं पहिलं काम म्हणजे पुसणं. मुलांनी आपापला कॅल्क्युलेटर बाकाच्या उजव्या कोपऱ्यावर उताणा ठेवायचा, बाईंनी रांगेने फिरत एकेकाची मेमरी त्याच्या डोळ्यांदेखत पुसायची, म्हणजे कुणी सूत्रं लपवून आणली असली तर जातील. बाकीच्या शिक्षकांना याचा वैताग. तिचा हात मात्र त्यात बसलेला. दोन अंगठे दोन कळांवर, एक बोट तिसरीवर, पडदा विचारतो ‘सगळं पुसू का?’, आणि आपण ‘हो’. काही हट्टी यंत्रांना पाठीमागच्या भोकात काहीतरी खुपसावं लागतं, त्यासाठी सरळ केलेली यू-पिन तिच्या पर्समध्ये असायची. आज मात्र प्रत्येक यंत्र हातात घेताना अंगावर काटा येत होता. मुलांच्या खिशातली ऊब त्यांना तशीच होती. कुणाच्या कळांच्या फटीत खोडरबराचा काळा मळ, कुणाचा पडदा गालाला लावून बोलल्यासारखा तेलकट, एकाच्या झाकणावर दातांचे ठसे. एका मुलीचं यंत्र इतकं चिकट होतं की उचललं तर बोटाबरोबर आलं. “मॅडम, माझा गेमपण जाईल का हो?” ती मुलगी म्हणाली. “जाईल.” “त्यात माझा हायस्कोअर आहे.” “पेपरात विचारलाय का हायस्कोअर?” “नाही, पण वर्गात सगळ्यांत जास्त आहे मॅडम. पुन्हा नाही यायचा तेवढा.” मागचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, पुसा पुसा, त्याच्यावरच मिजास चाललीय तिची.” वर्ग हसला. तिने ‘हो’ दाबलं. मुलीचा चेहरा फारसा बदलला नाही, फक्त खालचा ओठ थोडा आत गेला आणि तिने पेनाचं टोपण काढलं. दुःखाची एवढीच नोंद. तिला वाटलं, या वयात असं जमतं, टोपण काढता येतं.

मग तीन तास काही करायचं नसतं. रांगांमधून फिरायचं आणि माणसं पाहायची. तिला हा उद्योग मनापासून आवडायचा; कोण लिहितोय, कोण लिहिल्यासारखं करतोय, कोण शेजाऱ्याचं बघत नाहीये हे दाखवायला छताकडे बघतोय, हे ती दारातून सांगू शकत असे. माणसाची जमा एकीकडे आणि खर्च दुसरीकडे मांडला की बहुतेकांची शिल्लक नजरेने दिसते. नवऱ्याचीही तिने अशीच मांडली होती, लग्नाआधी. जमेला: चोख, कुणाचं वाईट न बोलणारा, कुठलीही बिघडलेली वस्तू टाकून न देणारा. खर्चाला: हाच तिसरा गुण. तेव्हा ती संशोधनाला होती, आणि दुपारी विभागाच्या मागच्या खोलीत, जिथे खिडकीचं एक दार कायमचं बंद होतं, कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन ठिपके बघत बसायची. एक साधासा नियम. एक संख्या घ्या, नियमातून काढा, जी येईल ती पुन्हा नियमात घाला. प्रत्येक वेळी पडद्यावर एक ठिपका. कुठूनही निघा, ठिपके आधी उनाडासारखे भटकत, पार दुसऱ्या टोकाला जात, आणि मग हळूहळू, कुणी हाक मारल्यासारखे, एका जागी येऊन स्थिरावत. नेहमी. तिने शेकडो संख्या घालून पाहिल्या. तिच्या पाठीच्या कण्यातून तेव्हा जो गारवा उतरायचा तो पुढे कशानेही उतरला नाही, ना लग्नाने, ना कशाने. गाइड सरांनी पाहिलं आणि म्हणाले, “सुंदर आहे. आता सिद्ध कर.” सिद्ध होईना. दोन वर्षं होईना. आणि मग आई अंथरुणाला खिळली, नोकरी लागली, लग्न झालं, आणि ‘होईना’ या शब्दाच्या जागी ‘राहिलं’ हा शब्द आला. राहिलं हा शब्द किती सोयीचा. त्यात कुणाचा दोष नसतो आणि असतो तो इतरांचा असतो. आई होती म्हणून राहिलं, नोकरी होती म्हणून राहिलं. आता या यादीत नवऱ्याने स्वतःच्या हाताने आपलं नाव घातलं होतं, नाकातून सूं करत.

हॉस्पिटलाचे संगणक सांभाळायचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं तेव्हा तो घरी आला. पहिला महिना त्याने घरातल्या सगळ्या वस्तू दुरुस्त केल्या. दुसऱ्या महिन्यात दुरुस्त करायला काही उरलं नाही. तेव्हा एक दिवस म्हणाला, “तुझा तो जुना कॅल्क्युलेटर पडून आहे ना, जरा देतेस?” “कशाला?” “होतं का बघायचं.” “काय होतं का?” “अख्खी सिस्टिम बसते का.” “आणि बसली तर?” “तर बसली,” तो म्हणाला, आणि हे उत्तर त्याला इतकं पुरेसं वाटत होतं की तिने कपाटातून कॅल्क्युलेटर काढून त्याच्या हातात दिला. तेव्हापासून ते टेबल त्याचं. बनियनवर बसलेला, डोळ्याला भिंग, भिंगातून एक डोळा बैलाच्या डोळ्याएवढा. बिस्किटाचा चुरा कळांमध्ये, डिंकासारखा जळका वास खिडकीच्या पडद्यांना, आणि दिवसभर कळांची ती टिक टिक टिक, दातात अडकलेलं काहीतरी माणूस जिभेने काढत राहतो तशी. ती सिस्टिम सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माणूस दाढी करून, कपडे घालून, कामावर पोचेल. म्हणजे कामावर जाणारा माणूस. आणि सुरू होऊन काय, तर तीळ. बाण इकडून तिकडे न्यायचा. एक चौकोन उघडायचा, त्यात घड्याळ. भिंतीवर घड्याळ होतं, मनगटावर होतं, आणि आता कॅल्क्युलेटरमध्येही, मागे पडणारं. “बघ,” तो म्हणायचा. ती जायची, वाकायची, त्याच्या मानेचा कोमट वास नाकात घेत तिळाकडे बघायची आणि म्हणायची, “छान.” किळस यायची. पण ती कशाची हे तिने कधी नीट मांडून पाहिलं नव्हतं. मोठी गोष्ट इतक्या लहान जागेत कोंबलेली पाहून यायची, की ती कोंबताना खूश झालेल्या माणसाला पाहून, की ‘छान’ म्हणताना स्वतःच्या गोड झालेल्या आवाजाची?

घरी निघाली तेव्हा बसथांब्यावर नणंदेचा फोन आला. “वहिनी! पाहिलंस का? दादाचा व्हिडिओ! आणि तूपण आहेस त्यात!” “मी नाही. माझा हात आहे.” “अगं तेच ते. किती गोड दिसतोय. लोक विचारतायत, हा कप ठेवणारा हात कुणाचा? आणि दादाने काय लिहिलंय माहितीय? ‘हा आमचा वीजपुरवठा.’ मी हसून हसून मेले, खरंच!” “मेलीस तर बोलतेयस कशी?” “बघ, तुझं आपलं नेहमीचं! नाही पण, खरं सांग वहिनी, बरं वाटलं ना? दोन वर्षं तो नुसता कोपऱ्यात बसलेला बघून आम्हालाच कसंतरी व्हायचं, तुला तर किती झालं असेल.” “मला कुठे काय झालं,” ती म्हणाली. “मी वीजपुरवठा.” नणंद पुन्हा हसली. आज संध्याकाळी सहा वाजता तो सगळ्यांसमोर थेट चालू करून दाखवणार आहे, मीसुद्धा बघणार आहे, त्याला सांग तो निळा शर्ट घाल, बनियनवर बसू नको, असं सगळं सांगून तिने फोन ठेवला. बसमध्ये पुढच्या सीटवर एक माणूस झोपला होता आणि त्याच्या उघड्या तोंडातून लाळेची तार खिडकीच्या काचेला लागून ताणली जात होती, तुटत नव्हती. ती दुसरीकडे बघू शकली असती. बसभर ती तीच तार बघत आली.

दार तिच्या किल्लीने उघडलं. न्हाणीघरात पाणी पडत होतं आणि तो गुणगुणत होता. टेबल आवरलेलं, त्यावर दिवा वाकवून ठेवलेला, मोबाइलची तिवई उभी, आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर कॅल्क्युलेटर, उताणा, चालू. शेजारी निळा शर्ट खुर्चीच्या पाठीवर. तिने पर्स खाली ठेवली नाही. वाकून पडद्याकडे पाहिलं. निळसर जागा, घड्याळाचा चौकोन, तीळ. तीळ शांत होता, जागा मिळाल्यामुळे झोपलेल्या पाहुण्यासारखा. याच्यासाठी तिचे ठिपके उठवले होते. तिने वास घेतला. प्लास्टिक, बिस्किट, आणि खाली कुठेतरी, किंवा तिला तसं वाटलं, विभागाच्या मागच्या खोलीतला बंद खिडकीचा वास. मग तिने पर्सच्या पुढच्या कप्प्यातून यू-पिन काढली. नंतर तिला म्हणता आलं असतं की सकाळपासून तेच करत होते, हाताला सवय, कोपऱ्यावर उताणा दिसला आणि हात गेला. लोकांनी विश्वासही ठेवला असता, हसले असते. पण हात गेला नाही, तिने नेला. पाठीमागच्या भोकात पिन खुपसताना फोड फोडण्याआधी येतो तसा एक घाणेरडा, गोड ताण तिच्या दंडात आला. निळी जागा विझली. दोन अंगठे, एक बोट. ‘सगळं पुसू का?’ हो. पडदा राखाडी झाला आणि जन्मला तेव्हा होता तसा रिकामा, दोन अक्ष एकमेकांना छेदून उभे.

तो टॉवेलने कान पुसत बाहेर आला. “आलीस? अगं, आज जरा लवकर—” मग त्याने टेबलाकडे पाहिलं. “बंद पडला?”

“मी पुसला.”

“सगळा?”

“सगळा. परीक्षेला पुसतात तसा.”

त्याने कॅल्क्युलेटर उचलला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. ती वाट बघत होती. ओरडेल, आपटेल, निदान एक शिवी. लग्न झाल्यापासून न दिलेली एक शिवी तरी कुठेतरी शिल्लक असेल. त्याच्या छातीवरच्या केसांतून पाण्याचा एक थेंब सावकाश खाली येत होता, आणि त्या थेंबाचीही तिला शिसारी आली.

“असू दे,” तो म्हणाला. “संगणकावर कॉपी आहे. अर्धा तास जाईल. लिहितो त्यांना, तांत्रिक अडचण.”

“तुझी कॉपी आहे.”

“असायलाच हवी. कॉपीशिवाय कोण हात घालतं?”

“माझी होती?”

“तुझी कसली?”

“त्या जुन्या कचऱ्याची.”

टॉवेल कानाशी थांबला. तिने हे वाक्य बसमध्ये, लाळेच्या तारेकडे बघत, पुनःपुन्हा घासून धारदार केलं होतं, आणि ते लागलेलं तिला दिसलं. एवढंच हवं होतं. आता तो खाली बघेल, अगं मला वाटलं तुला नको असेल म्हणेल, आणि मग तिच्याकडे कायमचं काहीतरी जमा होईल. गाइड सरांना ‘नाही’ लिहिता येईल आणि त्या ‘नाही’वर सही नवऱ्याची असेल. हे सगळं तिच्या मनात इतक्या झरझर मांडून झालं की तिला स्वतःच्याच चोखपणाचं नवल वाटलं.

“आहे की,” तो म्हणाला. “तुझं मी टाकेन का?”

तो ओल्या अंगानेच खुर्चीत बसला, संगणक उघडला. पडद्यावर एकात एक पेट्या उघडत गेला, आणि एका पेटीवर तिचं घरातलं नाव होतं, जे आता फक्त तोच वापरतो, तेही क्वचित. “एवढंसं आहे,” तो म्हणाला. “आधी तुझंच घालून देतो. मला वेळ लागेल, तुझं लगेच होईल.” वायर जोडली. लगेच झालं.

“मग कचरा का म्हणालास? जगासमोर?”

“जगाला काय सांगू? बायकोचा प्रबंध काढला म्हणू? चपला घेऊन मागे लागतील.” तो हसला नाही. “घे.”

तिने घेतला. पायाखालची एक पायरी कुणी काढून घेतल्यासारखं झालं होतं. राग घेऊन चढत होती आणि वर जिनाच नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. जुन्या कळा, जुनी नावं. एक संख्या घातली. ठिपके निघाले. उनाडासारखे भटकले, पार दुसऱ्या टोकाला गेले, आणि हळूहळू, कुणी हाक मारल्यासारखे, आले. तिच्या पाठीच्या कण्यातून गारवा उतरला, इतक्या वर्षांनी, तसाच. दुसरी संख्या. आले. तिसरी. आले. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, आणि एवढ्यात तिने सहज, नियम कसा लिहिला होता ते बघावं म्हणून, आतल्या ओळी उघडल्या.

उत्तरपत्रिका तपासताना चूक शोधावी लागत नाही. ती पानावरून आपणहून उठून उभी राहते, लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेल्या माणसासारखी. तिसरी ओळ. ‘प्रत्येक पायरीला चौथ्या दशांशानंतर तोड.’ ती ओळ तिनेच लिहिली होती. का, तेही आठवलं. यंत्र हळू होतं, लांबलचक दशांश सांभाळताना रेंगाळायचं, आणि तिला घाई होती. ठिपके भराभर यायला हवे होते, जागा कमी होती, म्हणून शेपट्या तोडल्या. चार दशांशांच्या पुढे जगात काय उरतं? तिच्या बोटांनी ती ओळ काढली. तिला कळण्याआधी बोटांना कळलं होतं. पुन्हा तीच पहिली संख्या. ठिपके निघाले, भटकले, आले. त्या जागेच्या अगदी जवळ आले, दाराशी आल्यासारखे, आणि तिथे घुटमळले. बराच वेळ घुटमळले. मग इतक्या सावकाश की आधी डोळ्यांचा भास वाटावा, दुसऱ्या बाजूने निघून गेले. दुसरी संख्या, तेच. तिसरी. दगड उचलल्यावर खालचे किडे पांगावेत तसे ते पडद्यावर पांगत होते. कधी स्थिरावले नव्हते. निघून जाताना जो अगदी बारीक फरक पडत होता तोच ती दर पायरीला कापून टाकत होती, आणि मग ते थांबतात म्हणून दुपारच्या दुपारी थरारत होती. सिद्ध होईना. कसं होईल? आई नव्हती आड आली, नोकरी नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती तर तिने समासात उद्गारचिन्ह काढलं असतं आणि स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं असतं.

तोंडात कडू पाणी आलं. तिने ते गिळलं. वर पाहिलं तर तो शर्ट न घालता तसाच उभा होता, तिच्याकडे बघत, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

त्याने चष्मा काढला.

“कधीपासून?”

“कॉपी घेतली तेव्हा वाचलं. पहिल्याच दिवशी.” त्याने चष्मा पुसला, जो धुतलेलाच होता. “अगं, लहान जागेत काही बसवायचं म्हटलं की मीही हेच करतो, तोडतो. म्हणून दिसलं. नाहीतर मला कुठलं गणित.”

“आणि बोलला नाहीस. दोन वर्षं.”

“काय बोलणार? तुझ्याकडे तेवढंच होतं.”

हे त्याने मायेने म्हटलं, यात शंका नव्हती, आणि त्या मायेचा स्पर्श तिला अंगावरून पाल गेल्यासारखा झाला. दोन वर्षं हा माणूस तिच्याकडे असा बघत होता तर. ती कप आणून ठेवायची, कान वळवायची, आणि तो मनात म्हणायचा, बिचारी. ती वाकून तिळाकडे बघताना त्याच्या मानेवरून ज्या नजरेने बघायची, नेमक्या त्याच नजरेने.

“तुझ्या या सिस्टिमची मला किळस येते,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. छान म्हणते तेव्हाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “छान म्हणायच्या आधी तू श्वास धरतेस.”

मग तिला हसू आलं, घाणेरडं, घशातून ओकारीसारखं आलेलं, आणि तोही हसला, नाकातून सूं करत. दोन आजारी माणसांनी एकमेकांची पथ्यं सांभाळत, एकमेकांना अळणी भरवत संसार केला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याचं दुखणं जास्त आहे, आपण नुसते सोबतीला. हिशेब इतका बरोबर जुळला होता की त्याचीच शिसारी यावी. कुणाचं कुणाकडे काही निघत नव्हतं.

तिने फोन घेतला. गाइड सरांची मेल उघडली. ‘नाही’ लिहिलं. पुसलं. नाही म्हणायला आता कारण कुणाचं देणार? मग एकदम, परीक्षेत शेवटच्या घंटेला मुलं लिहितात तसं, लिहिलं: ‘सर, ठिपके स्थिरावत नाहीत. मी तोडत होते म्हणून थांबत होते. चूक माझी, पहिल्यापासून. एवढं धरून घेणार असाल तर येते.’ वाचून पाहिलं नाही. पाठवलं.

“काय लिहिलंस?” तो म्हणाला.

“मग सांगते.”

त्याने निळा शर्ट चढवला. गुंड्या लावताना एक वरखाली झाली, तिने पाहिलं आणि सांगितलं नाही, मग म्हणाली, “गुंडी चुकलीय.” त्याने खाली पाहिलं, सगळ्या सोडल्या, पुन्हा लावायला लागला. सहा वाजून गेले होते. टेबलावरचा त्याचा फोन थरथरून इंच इंच सरकत होता. नणंद असेल, नाहीतर ती टाळ्यावाली मंडळी.

“देतेस का आता?” त्याने हात पुढे केला. “लोक थांबलेत.”

“थांबू दे त्यांना,” ती म्हणाली. तोंडाची कडू चव गेली नव्हती. ठिपके पडद्याच्या कडेपर्यंत पोचले होते आणि एकेक करून बाहेर पडत होते. ते पुढे कुठे जातात हे तिने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. तिने अक्ष लांब केले.